व्हिनेगरच्या जंतूंची शाळा

कॅनडातलं किचनर शहर संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे एक लहानसा व्हिनेगरचा कारखाना आहे. गेली नऊ वर्षं मी तिथली प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन ओटे, एक खिडकी आणि मी. पार्टीत कुणी विचारलं आणि मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे म्हणाले, की लोक लगेच आपल्या पोटाच्या तक्रारी सांगायला लागतात. व्हिनेगरचं नाव काढलं की समोश्यांकडे वळतात.

आमचं काम तसं साधं आहे. सफरचंदाच्या रसाची आधी दारू होते आणि मग त्या दारूचं ॲसिड करायचं काम जंतू करतात. हे जंतू एका उंच स्टीलच्या टाकीत राहतात. त्यांना सतत हवा लागते, एक मिनिटही बंद पडलेली चालत नाही. आणि त्यांना तीस अंश तापमान लागतं. अडचण अशी, की काम करताना ते स्वतःच इतके तापतात की टाकीभोवती सतत गार पाणी फिरवावं लागतं. स्वतःच्या कष्टाच्या उष्णतेनं मरणारा दुसरा कामगार मी पाहिलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी जुलैत उन्हाचा एक मोठा तडाखा आला आणि नेमकं तेव्हाच पाणी गार करणारं यंत्र बंद पडलं. आमचे मालक साठीचे, सहा फुटांहून उंच, पट्ट्याऐवजी खांद्यांवरून गॅलिस लावणारे आणि दिवसाला साधारण वीस वाक्यं बोलणारे गृहस्थ आहेत. कारखाना त्यांच्या आजोबांनी काढलेला. त्या दुपारी ते आणि मी बागेला पाणी घालायचे दोन पाइप घेऊन टाकीच्या दोन बाजूंना उभे राहिलो आणि चार तास टाकीला अंघोळ घातली. काटा चौतीसवरून पस्तीसवर गेला, पस्तीसवरून छत्तीसवर. संध्याकाळी टाकीतला फेस बसला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा आंबट वास यायच्या ऐवजी नुसता दारूचा वास आला. सगळे गेले होते.

मालकांनी टोपी काढली. मला वाटलं श्रद्धांजली वाहताहेत, पण ते डोकं खाजवत होते. मग त्यांनी विचारलं, या जंतूंना उकाड्याची सवय लावता येईल का?

मी म्हणाले, येईल. फार पटकन म्हणाले.

पद्धत पुस्तकात सोपी आहे. एका फ्लास्कमध्ये जंतू वाढवायचे. तापमान अर्ध्या अंशानं वाढवायचं. बरेच मरतात, थोडे तगतात. तगले त्यांतले थेंबभर नव्या फ्लास्कमध्ये घालायचे. ते नीट वाढायला लागले की पुन्हा अर्धा अंश. शेवटी जे उरतात ते उकाड्याला सरावलेले. आमच्या खोलीत फ्लास्क हलवत ठेवणारं एक जुनं इन्क्युबेटर होतं, त्यात मी ऑगस्टमध्ये बत्तीस अंशांवर सुरुवात केली. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी जंतूंना नवीन खाद्य द्यायचं. जगावेत म्हणून मी त्यांच्या खाद्यात थोडी साखर जास्तच घालायचे. रविवारी कारखाना बंद असतो, पण जंतूंना रविवार कळत नाही.

सप्टेंबरमध्ये सासूबाई चंद्रपूरहून आल्या. त्या तिथल्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होत्या. रिटायर होऊनही त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. पहिल्याच रविवारी मी सकाळी गाडीची किल्ली घेतलेली पाहून त्यांनी मला थांबवलं.

"आज सुट्टी असून कुठे चालली तू?"

मी म्हटलं, जंतूंना खायला घालायला. त्यांनी सगळं विचारून घेतलं. कुठले जंतू, किती अंशांना जगतात, किती अंशांना मरतात. चौतीस-पस्तीसला मरतात हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर नापास मुलाकडे पाहतानाचा भाव आला.

"चौतीसला? आमच्याकडे चौतीसला लोक लग्नात कोट घालतात बाप्पा."

त्याच दुपारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी आपल्या नागपूरच्या नणंदेला सांगितलं, की सून कॅनडात जंतूंची आया आहे, रविवारीसुद्धा सुट्टी नसते.

ऑक्टोबर संपताना आमच्या घरी दुसरा प्रश्न उभा राहिला. माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि बेसमेंटमधून काम करतो. घर साडेएकोणीस अंशांवर असावं, त्यावर ठेवणं म्हणजे उधळपट्टी, असं त्याचं मत. सासूबाईंना पंचवीसच्या खाली कानटोपी लागायची. त्या येता-जाता थर्मोस्टॅट वर करायच्या आणि तो फोनवरून खाली आणायचा. मायलेकांमध्ये याबद्दल एक शब्दही बोलला जात नसे. घर मात्र सकाळी चंद्रपूर आणि संध्याकाळी किचनर असायचं.

एका रात्री जेवताना मी माझ्या जंतूंची प्रगती सांगत होते. साडेचौतीस झाले होते आणि जंतू वाढल्यानं फ्लास्क छान गढूळ दिसत होता. नवरा पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला. आई झोपायला गेल्यावर त्यानं मला हळूच सांगितलं, की हीच पद्धत उलट्या दिशेनं वापरायची. चोवीसवर सुरू करायचं आणि दर आठवड्याला अर्धा अंश कमी. आईला कळणारही नाही.

मी म्हटलं, या पद्धतीत बरेच मरतात हे तू ऐकलंस ना? तो म्हणाला, अर्धाच अंश आहे. मग त्यानं थर्मोस्टॅटला फोनवरून कुलूप घातलं आणि आईला सांगितलं, आता हे आपोआप चालतं, हात लावायची गरज नाही. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनी इतकं सहज ऐकलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

नोव्हेंबर-डिसेंबर असे गेले की घरात रोज दोन आकडे जाहीर व्हायचे. मी सांगायचे साडेछत्तीस, तो सांगायचा बावीस. मी सदतीस, तो साडेएकवीस. आम्ही दोघंही फार खुशीत होतो. सासूबाईंची तक्रार तर नव्हतीच, उलट त्यांनी कानटोपी काढून ठेवली. इथल्या थंडीचा उगाच बाऊ करतात, असं त्या नणंदेला सांगताना नवऱ्यानं ऐकलं आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. तो स्वतः तेव्हा हाफ पँटवर होता. डिसेंबरात. हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. मी आपली रात्री पांघरूण लाथाडून झोपायचे आणि वयाला दोष द्यायचे.

ख्रिसमसच्या आधल्या आठवड्यात माझे जंतू अडतीसला पोचले. मालक प्रयोगशाळेत येऊन गढूळ फ्लास्ककडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोनं केलेले बटर टार्ट्स डब्यात घालून आणले. माझ्या तिथल्या सहा वर्षांत पहिल्यांदाच. आम्ही ठरवलं, की फ्लास्कमधून आता पन्नास लिटरच्या लहान टाकीत जायचं. शुक्रवारी मी ती टाकी नेहमीच्या खाद्यानं भरली, खरी दारू घातली, हवा सुरू केली, काटा अडतीसवर लावला आणि गाणं गुणगुणत घरी आले.

घरी नवरा चिंतेत होता. घर तापवणारी गरम हवेची भट्टी थांबायचं नावच घेत नव्हती. थर्मोस्टॅट साडेवीसवर लावलेला, तो दाखवत होता एकोणीस, आणि भट्टी दिवसभर धडधडत होती. बिघाड असणार म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

दुरुस्तीवाला तरुण माणूस होता. बूट काढून मोज्यांवर आत आला आणि आल्याआल्या त्यानं जॅकेट काढलं, मग स्वेटर काढला. बेसमेंटमध्ये जाऊन भट्टी पाहिली, ती ठणठणीत होती. मग त्यानं विचारलं, थर्मोस्टॅट कुठे आहे? नवऱ्यानं भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी येताना आणलेलं ते कॅलेंडर त्यांनी स्वतःच तिथे टांगलं होतं. एकादशी बघायला सोयीचं पडतं म्हणाल्या होत्या. नवरा तर आकडे फोनवरच बघायचा, त्यामुळे कुणाची काही हरकत नव्हती.

दुरुस्तीवाल्यानं कॅलेंडर उचललं. थर्मोस्टॅटच्या डोक्यावर, खिळ्याला नाडीनं बांधलेली, माझ्या जेवणाच्या डब्यातली निळी बर्फाची पिशवी होती.

तो फार सभ्यपणे म्हणाला, "सर, यावर कुणीतरी बर्फ ठेवलाय."

त्याच्या खिशातल्या तापमापकानं खोलीत सव्वीस अंश दाखवले. आम्ही सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या सोफ्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याला थंडी वाजली की तो भट्टी चालू करतो. आठवीच्या पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. "दिवसातून दोनदा बदलावी लागते पिशवी, तेवढाच काय तो त्रास."

नवऱ्यानं खिशातून फोन काढून आकडा पुन्हा पाहिला. दोन महिने तो जो आकडा मला मोठ्या तोऱ्यात सांगत होता तो फक्त बर्फाच्या पिशवीशेजारचा होता. मी इतकी हसले की मला पाणी प्यावं लागलं. दुरुस्तीवाल्याला मी वाटाण्याची करंजी दिली आणि तो गेल्यावरही हसत राहिले. माझं हसू सोमवारपर्यंत टिकलं.

सोमवारी मी लहान टाकीतून नमुना काढला. भरपूर गढूळ. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंची नुसती जत्रा. मग ॲसिड मोजायला घेतलं. नमुन्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या नळीतून अल्कली सोडत जायचं. गुलाबी रंग टिकला की थांबायचं. जितकं ॲसिड जास्त तितका रंग उशिरा टिकतो. माझा नमुना तिसऱ्याच थेंबाला गुलाबी झाला. मला वाटलं चूक झाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. दारू. जशी ओतली होती तशी.

माझे जंतू अडतीस अंशांत मजेत जगत होते. ते खात होते, वाढत होते, त्यांना पोरंबाळं होत होती. फक्त व्हिनेगर बनवत नव्हते. चार महिन्यांत केव्हातरी त्यांनी काम सोडून दिलं होतं.

मालकांना सांगायला मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, घरी जा, सुट्टीनंतर बघू. ते चिडले असते तर बरं झालं असतं. गाडीत बसून मी थोडी रडले. बर्फ पडत होता, काच पांढरी झाली होती, म्हणून कुणाला दिसलं नाही. मग काच खरवडून घरी आले.

सासूबाईंनी चहा केला. नवरा बेसमेंटमधून वर आला, माझा चेहरा पाहून शनिवारच्या हसण्याचा हिशेब चुकता करायचा बेत त्यानं मनातच ठेवला. मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"दर वेळी तू तपासायची काय?"

मी म्हटलं, फ्लास्क गढूळ झाला की नाही. म्हणजे जिवंत आहेत की नाही.

"ॲसिड?"

मी म्हटलं, सुरुवातीला मोजत होते. मग सगळं बरं चाललं होतं म्हणून सोडून दिलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तू चार महिने नुसती हजेरी घेतली. गृहपाठ तपासलाच नाही."

कुणी इतकं नेमकं बोललं की राग यायलाही वेळ लागतो. मला आला, पण आंघोळ होईपर्यंत गेला. कारण त्या खरं तेच बोलत होत्या. खाद्यात साखर होती. साखर खाऊन आरामात जगता येत असताना दारूचं ॲसिड करायची कुणाला गरज? उलट जे ते काम टाळत होते त्यांची ताकद वाचत होती, तेच भराभर वाढले आणि मी दर रविवारी जाऊन त्यांनाच पुढच्या इयत्तेत ढकललं.

सुदैवानं एक गोष्ट मी सवयीनं केली होती. प्रत्येक पायरीवरचे थोडे जंतू लहान नळ्यांमध्ये गोठवून ठेवले होते. सुट्टीनंतर मी एकेक नळी काढून तपासली. साडेचौतीसपर्यंतचे इमानानं काम करत होते. पस्तीसला निम्मे. छत्तीसपासून सगळे उनाड.

मी साडेचौतीसच्या नळीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी साखर अगदी नावापुरती. आणि दर रविवारी खडूची परीक्षा. पेट्री डिश म्हणजे काचेची चपटी बशी, तिच्यात दारू घातलेल्या जेलीसारख्या खाद्यासोबत खडूची पूड घालायची, त्यामुळे डिश दुधासारखी पांढरी होते. तिच्यावर जंतू पसरवले की काही दिवसांत ठिपके उगवतात. जो ठिपका ॲसिड बनवतो त्याच्याभोवतीचा खडू विरघळून स्वच्छ गोल दिसतो. जो बनवत नाही तो नुसताच बसलेला असतो. स्वच्छ मोठा गोल असलेले ठिपके उचलायचे आणि तेवढ्यांनाच पुढे न्यायचं.

"डोळ्यांनी दिसतं?" सासूबाईंनी विचारलं. दिसतं म्हटल्यावर त्या पुढच्या रविवारी विंटर बूट, दोन शाली आणि कानटोपी घालून गाडीत येऊन बसल्या.

कारखान्यात शिरल्यावर त्या दाराशीच थांबल्या. टाकीच्या आसपास नेहमीच गरम आणि दमट असतं. त्यांनी टोपी काढली. मग शाली काढल्या. मग बूट काढून खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, की या देशात माणसांपेक्षा जंतूंची सोय बरी आहे. त्या दिवसापासून एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

डिशेस तपासताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि काचेखालच्या ठिपक्यांना बोटानं दाखवायच्या. हा चांगला. हा बरा. हा नुसता शेजारच्याच्या गोलात घुसून बसलाय, त्याला घेऊ नकोस. हे शेवटचं मला दिसलंही नसतं. तपासून पाहिलं तर तो ठिपका खरंच काही करत नव्हता.

एका रविवारी मालक काहीतरी विसरलं म्हणून आले आणि प्रयोगशाळेत अनवाणी बसलेली सहावारीतली बाई पाहून दारातच थबकले. मी ओळख करून दिली. सासूबाईंनी त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, की तुमचे विद्यार्थी वाईट नाहीत, लक्ष द्यावं लागतं. मालक म्हणाले, माझी आईही शिक्षिका होती. मग दोघंही डिशेस बघत राहिले. पुढच्या रविवारी खुर्चीवर एक उशी ठेवलेली होती.

घरी थर्मोस्टॅटचं कुलूप निघालं. मायलेकांनी बावीसवर तह केला. बर्फाची पिशवी माझ्या डब्यात परत आली. नवऱ्याला हाफ पँट आठवड्याभरात बदलावी लागली. सासूबाईंच्या खोलीत एक लहान हीटर आला, तो त्यानं स्वतः जाऊन आणला.

अडतीस आम्हाला पुन्हा जमलं नाही. साडेसदतीसला गेलो की गोल बारीक व्हायचे, सदतीसलाही निम्मी डिश आळशी निघायची. मार्चअखेर मी मालकांना सांगितलं, छत्तीसच्या पुढे मला खात्री देता येत नाही. मला ते सांगताना कमीपणा वाटत होता. त्यांनी खिडकीतून वितळणाऱ्या बर्फाकडे पाहिलं आणि म्हणाले, छत्तीस पुष्कळ झालं.

मेच्या सुरुवातीला सासूबाई चंद्रपूरला गेल्या, तिथला कडक उन्हाळा गाठायला. विमानतळावर त्यांनी नवऱ्याला तब्येतीबद्दल सूचना दिल्या आणि मला खडूची पूड संपत आली आहे याची आठवण करून दिली.

जूनमध्ये नवे जंतू मोठ्या टाकीत गेले. पहिले चार दिवस मी घरी फक्त झोपायला येत होते. महिनाअखेर उकाडा वाढला तेव्हा मालकांनी मुद्दाम गार पाणी कमी केलं आणि काटा चढू दिला. तेहतीस, चौतीस, पस्तीस. पस्तीसवर तो दोन दिवस राहिला. फेस बसला नाही. नमुना घेऊन मी अल्कली सोडत गेले, सोडत गेले आणि रंग टिकेपर्यंत माझा हात दुखायला लागला. मालक शेजारी उभे होते. ते म्हणाले, "गुड." त्या दिवसाचं त्यांचं ते बहुधा पंधरावं वाक्य असावं.

संध्याकाळी मी चंद्रपूरला फोन लावला. तिथे पहाट होती, सासूबाई फुलं तोडत होत्या. मी म्हटलं, आई, पस्तीसला दोन दिवस टिकले.

"टिकले ते ठीक," त्या म्हणाल्या. "ॲसिड किती?"

मी आकडा सांगितला.

"किती वेळा मोजलं?"

मी म्हटलं, तीन वेळा. मग त्या हसल्या, आणि शेजारच्यांनी विहिरीवर बसवलेला नवा पंप किती आवाज करतो ते सांगायला लागल्या.